खात्री वाटणे आणि खात्री करून घेणे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)





दरवर्षी या मेळाव्यात दहावीचा निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे पुढील शिक्षण अशा विषयांवर बोलणे होते, आणि ते अगत्याचेही आहे. यंदा मात्र चिटणीस साहेबांनी माझ्याकडे निराळाच विषय सोपविला. "माणूस अतिरेकी का होतो, आणि त्याला पकडू पाहणाऱ्यांच्या हातून कधी कधी निरपराध का मारला जातो, हे मुलांना कळेल अशा भाषेत सांगा," असे ते म्हणाले. विषय ऐकून मी प्रथम नकारच दिला. मी काही मानसशास्त्राचा पंडित नव्हे. बी. एड्. ला मानसशास्त्राचा एक पेपर होता आणि पुढे आवडीने थोडेफार वाचन केले, एवढीच माझी पुंजी. शिवाय हा विषय निघाला की आपली मंडळी एकदम गप्प होतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. पण घरी गेल्यावर वाटले, ज्या गोष्टीविषयी आपण घरात बोलत नाही, त्याविषयी आपली मुले बाहेर कोणाकडून तरी ऐकतातच. मग ती आपल्याकडून ऐकलेली काय वाईट? म्हणून आज आपणापुढे उभा आहे.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो.

नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. आठवीचा वर्गशिक्षक होतो. सहलीसाठी मुलांकडून जमविलेले पैसे एका पाकिटात घालून मी टेबलाच्या खणात ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तो पाकीट नाही. चौकशी करता कळले की सुट्टीत एक मुलगा वर्गात एकटाच बसून होता. तो गरीब घरचा. सहलीसाठी त्याने नावही दिलेले नव्हते. मी विचारले तेव्हा तो अडखळला, त्याने खाली पाहिले. मला दुसऱ्या पुराव्याची गरजच वाटली नाही. साऱ्या वर्गादेखत मी त्याचे दप्तर टेबलावर पालथे केले. त्यात काही निघाले नाही. आता पालकहो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले असेल? "आपण चुकलो" असे आले नाही. "याने लपविले कुठे?" असे आले.

संध्याकाळी पाकीट शिक्षकांच्या खोलीतील कपाटात, कॅटलॉगांच्या गठ्ठ्यात सापडले. सकाळी मीच ते तेथे ठेवून विसरलो होतो. आणि तो मुलगा सुट्टीत एकटा का बसला होता? त्याने डबा आणला नव्हता. डबा खाणाऱ्या मुलांमध्ये जायला त्याला लाज वाटत होती. चार दिवस तो शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला चहा दिला आणि म्हणाली, "सर, पैसे मिळाले ना? मग झालं तर." तिने मोठ्या मनाने माफ केले. मुलगा मात्र दाराआडून बाहेर आला नाही. पुढे तो शाळेत आल्यावर मी साऱ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. तरीही ते दप्तर पालथे करताना झालेला आवाज मी आजतागायत विसरलो नाही.

माझ्या हातून झाले ते एका वर्गात झाले. त्यात एका मुलाचे मन दुखावले, पण जीव कोणाचा गेला नाही. मनाची हीच खोड बाँब आणि बंदुकांच्या संगतीत आली म्हणजे काय होते, हे आता पाहू. त्यासाठी मी आपणांला २००५ सालच्या जुलै महिन्यातील लंडन शहरात नेणार आहे. तेथे अवघ्या पंधरा दिवसांत या विषयाच्या दोन्ही बाजू घडल्या.

७ जुलै २००५ ची सकाळ. लोक कामावर निघाले होते. नऊ वाजण्याच्या सुमारास लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन ठिकाणी, आणि त्यानंतर तासाभराच्या आत टॅव्हिस्टॉक चौकात एका बसमध्ये, असे चार स्फोट झाले. चार तरुणांनी पाठीवरच्या पिशव्यांतून बाँब नेले होते आणि स्वतःसकट ते उडविले. ५२ निरपराध माणसे मेली, शेकडो जखमी झाली. मेलेल्यांत निरनिराळ्या देशांचे आणि निरनिराळ्या धर्मांचे लोक होते. बँकेत नोकरी करणारी, वीस वर्षांची, बंगाली घराण्यातील एक मुसलमान मुलगीही होती. तिच्या आईबापांनीही तिला आपल्यासारखेच शिकविले असेल, नोकरी लागली तेव्हा मिठाई वाटली असेल.

त्या चौघांचा म्होरक्या मोहम्मद सिद्दीक खान हा तीस वर्षांचा होता. तो लीड्स शहरात जन्मलेला, एका लहान मुलीचा बाप. त्याची नोकरी ऐकून मी हबकलो. तो एका प्राथमिक शाळेत अभ्यासात मागे पडणाऱ्या, वर्गात न रमणाऱ्या मुलांना मदत करणारा साहाय्यक होता. तेथील शिक्षक आणि पालक त्याच्याविषयी चांगले बोलत. म्हणजे काही वर्षे तो तेच काम करीत होता, जे आपल्या शाळेत आम्ही करतो. चौघांतला सर्वांत लहान हसीब हुसेन अवघा अठरा वर्षांचा. मित्रांबरोबर लंडनला जातो असे सांगून तो घराबाहेर पडला होता. त्या रात्री दहा वाजून गेल्यावर त्याच्या घरच्यांनी पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन केला. आमचा मुलगा लंडनला गेला होता, तो अजून परत आला नाही, असे त्यांनी कळविले. त्यांना वाटत होते, तो स्फोटात सापडला असेल. आईबापांना मुलाविषयी किती ठाऊक असते, हा प्रश्न त्या फोनने मला कायमचा विचारला आहे.

अशी माणसे जन्मतः क्रूर असतात काय? किंवा ती वेडी असतात काय? अभ्यासकांनी याचा पुष्कळ शोध घेतला आहे, आणि सामान्यतः त्यांना वेड सापडलेले नाही. आरी क्रुग्लान्स्की नावाचे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ तीन गोष्टी सांगतात. पहिली गोष्ट म्हणजे मनाची गरज. आपण कोणीतरी आहोत, आपल्याला किंमत आहे, असे प्रत्येकाला वाटावे लागते. अपमान, अपयश किंवा अन्याय यांनी ती किंमत गेल्यासारखी वाटली की माणूस ती परत मिळविण्याची वाट शोधू लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे एक कथा. तुझ्या दुःखाला अमुक लोक कारणीभूत आहेत आणि त्यांना मारणे हाच पराक्रम आहे, असे सांगणारी सोपी कथा. तिसरी गोष्ट म्हणजे ती कथा रोज एकमेकांना ऐकविणारी मंडळी. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे चांगल्या घरातला मुलगाही हळूहळू सरकत जातो, आणि सरकताना त्याला आपण चढत आहोत असे वाटते.

यातील दुसऱ्या गोष्टीकडे जरा बारकाईने पहा. सिद्दीक खानने मरण्यापूर्वी भरून ठेवलेली एक चित्रफीत १ सप्टेंबर २००५ रोजी दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. तिचा आशय असा होता की, तुम्ही निवडून दिलेली सरकारे माझ्या लोकांवर अत्याचार करतात, म्हणून तुम्ही सर्वच दोषी आहात. इराकवरील युद्धाविषयी त्या काळी लंडनमधील लाखो लोकांना संताप होता. २००३ साली त्यांनी रस्त्यावर उतरून त्या युद्धाचा निषेधही केला होता. म्हणजे ज्या बसमध्ये बाँब फुटला, त्या बसमध्ये त्या युद्धाच्या विरोधात असलेला कोणी नसेल, असे कोण म्हणेल? पण त्या कथेत माणसे नसतात. "ते" आणि "आम्ही" एवढेच असते. एकदा "ते" म्हटले की बँकेत जाणारी मुलगीही त्यात जाते.

आणि हे "ते-आम्ही" फार सहज तयार होते. हेन्री ताइफेल नावाचे एक शास्त्रज्ञ होते. ते पोलंडमधील ज्यू. नाझींच्या राज्यात त्यांच्या घरची माणसे मारली गेली. माणसे असे का वागतात, हा ध्यास त्यांना आयुष्यभर लागून राहिला. १९७० च्या सुमारास त्यांनी इंग्लंडात ब्रिस्टल येथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांना चित्रे दाखविली आणि सांगितले, तुम्हांला अमुक चित्रकार आवडतो, तुम्हांला तमुक. खरे तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, वाटेल तसे पाडलेले होते. गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. नंतर प्रत्येकाला इतर मुलांना पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्या गटाशी अंतर राहिले पाहिजे, अशीही निवड पुष्कळांनी केली. विचार करा, जे दोन चित्रकारांच्या नावावर होते, ते धर्म, जात, भाषा आणि जुने वैर यांच्या नावावर किती सहज होत असेल.

ही झाली पहिली बाजू. आता दुसरी.

२१ जुलै रोजी, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी, लंडनमध्ये पुन्हा चार ठिकाणी बाँब उडविण्याचा प्रयत्न झाला. सुदैवाने ते बाँब नीट फुटले नाहीत, आणि चारही जण पळून गेले. आता पोलिसांची स्थिती ध्यानात घ्या. चार माणसे मोकळी आहेत. ती आज, उद्या, केव्हाही पुन्हा येतील. पोलीस रात्रभर जागे आहेत. न फुटलेल्या एका पिशवीत व्यायामशाळेचे ओळखपत्र सापडले. त्यावरून हुसेन उस्मान या संशयिताचा पत्ता लागला. तो दक्षिण लंडनमधील स्कोशिया रोडवरील एका इमारतीचा होता. त्या इमारतीत अनेक बिऱ्हाडे होती आणि बाहेर पडण्याचा दरवाजा सर्वांचा एकच होता. इमारतीतून जो बाहेर पडेल त्याला थोडे दूर गेल्यावर थांबवून विचारपूस करायची, असे पहाटे पाचच्या सुमारास ठरले. ठरले ते योग्यच होते. पण ज्यांनी थांबवायचे ती हत्यारबंद तुकडी सकाळी वेळेवर तेथे पोचलीच नाही.

साडेनऊ वाजून गेल्यावर त्या दरवाजातून झां शार्ल द मेनेझेस नावाचा तरुण बाहेर पडला. तो ब्राझील देशातून आलेला, सत्तावीस वर्षांचा, धंद्याने वायरमन. आगीची सूचना देणारी एक घंटा बिघडली होती, ती दुरुस्त करायला तो निघाला होता. पाळतीवर असलेल्या माणसाला नेमकी त्याच वेळी लघुशंकेची गरज पडली होती, त्यामुळे त्याचे चित्रण झाले नाही. हा संशयित आहे की नाही हे पक्के सांगता येईना. तो बसमध्ये चढला. एका स्टेशनापाशी उतरला, स्टेशन बंद होते म्हणून पुन्हा त्याच बसमध्ये बसला. बंद स्टेशन पाहून आपणही हेच केले असते. पण मागावर असलेल्यांना वाटले, हा पाठलाग चुकविण्यासाठी असे करीत आहे.

माझ्या वर्गातील त्या मुलाची आठवण होते ना? तो अडखळला, खाली पाहिले, म्हणून चोर ठरला. एकदा मनाने निकाल दिला म्हणजे समोरचा जे करील ते पुरावा होते. तो घाबरला तर दोषी, आणि शांत राहिला तर बनेल.

मेनेझेस स्टॉकवेल स्टेशनात शिरला. त्याने तेथे फुकट मिळणारे वर्तमानपत्र उचलले, आपले प्रवासाचे कार्ड लावून तो आत गेला, आणि गाडी उभी दिसली म्हणून शेवटचे काही अंतर धावला. हत्यारबंद पोलीस मागोमाग आले आणि डब्यात बसलेल्या त्या तरुणावर त्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सात गोळ्या डोक्यात आणि एक खांद्यात लागली. त्याच्याजवळ बाँब नव्हता. त्याचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. खरा हुसेन उस्मान आठवड्याने इटलीत रोम येथे पकडला गेला, आणि २००७ साली त्याला व त्याच्या तीन साथीदारांना जन्मठेप झाली.

मृत्यूनंतरही काय झाले पहा. त्याने जाड कोट घातला होता, तो फाटकावरून उडी मारून पळाला, अशा बातम्या प्रथम जगभर पसरल्या. त्या खोट्या होत्या. कोट जाड नव्हता आणि त्याने उडीही मारली नव्हती. पण खरी गोष्ट उशिरा येते, आणि तोवर खोटी गोष्ट घरोघर पोचलेली असते.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. बाँब लावणारा आणि त्याला अडविणारा पोलीस यांना मी एका तागडीत घालीत नाही. एकाला निरपराध माणसे मारायचीच होती. दुसऱ्याला ती वाचवायची होती. गोळी झाडणाऱ्या पोलिसापुढे एक-दोन क्षण होते. समोरचा खरोखरच बाँब घेऊन बसला असता आणि तो थांबला असता, तर डब्यातली सारी माणसे गेली असती. आपण खुर्चीत बसून त्याच्या क्षणाचा न्याय करणे सोपे आहे. म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते ते त्या शेवटच्या क्षणाच्या आधीचे. सकाळी पाचपासून दहापर्यंत पाच तास होते. चूक त्या पाच तासांत झाली.

हे माझे मत नाही. १ नोव्हेंबर २००७ रोजी लंडनच्या न्यायालयाने, लोकांची सुरक्षितता सांभाळण्यात कसूर केली म्हणून, पोलीस खात्यालाच दोषी ठरविले आणि १,७५,००० पौंड दंड केला. ज्यूरीने हेही नोंदविले की कारवाई चालविणाऱ्या अधिकारी बाईंवर व्यक्तिशः ठपका ठेवता येत नाही. पुढे २००८ च्या डिसेंबरात मृत्यूच्या कारणांची जी चौकशी झाली, तिच्यातील ज्यूरीने एकेक कारण सांगितले. संशयिताचे चांगले छायाचित्र मिळवून माणसांना दिले गेले नाही. मेनेझेसला बसमध्ये चढण्यापूर्वी थांबविले गेले नाही. पाळतीवरच्या माणसांना ओळखीविषयी जे वाटत होते, ते वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणि हत्यारबंद पोलिसांपर्यंत जसेच्या तसे पोचले नाही. संदेश देण्या-घेण्याची व्यवस्था सदोष होती. आणि मेनेझेसच्या स्वतःच्या वागण्यामुळे संशय वाढला काय, या प्रश्नाला ज्यूरीने "नाही" असे उत्तर दिले.

पालकहो, या यादीतील तिसरे कारण पुन्हा एकदा ऐका. खाली रस्त्यावर "तो असेल, नसेल, सांगता येत नाही" अशी स्थिती होती. एका तोंडातून दुसऱ्या कानात जाता जाता त्यातली शंका गळून पडली आणि वर पोचेपर्यंत ओळख पटल्यासारखी झाली. मोबाईलवरचे निरोप आपण पुढे पाठवितो तेव्हा हेच घडते. पहिला लिहितो, "असे ऐकले आहे." तिसरा लिहितो, "असे झाले आहे." दहावा लिहितो, "असे नेहमीच होते."

आपल्या राज्यातही आपण हे सोसले आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. मेले ते नमाजाला आलेले लोक, आणि आरोपी म्हणून पकडले गेले तेही त्याच गावातले मुसलमान तरुण. पुढे तपास दुसऱ्या दिशेला गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या तरुणांना आरोपांतून मुक्त केले, पण तोवर त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. याचे दुःख आपल्या मनात आहे आणि ते असणारच. मात्र हेच दुःख घेऊन कोणी आपल्या मुलाला ती सोपी कथा सांगू लागला, तर काय होते हे आपण लंडनमध्ये पाहिले. अन्यायाचे उत्तर देण्याच्या नावाखाली त्या चौघांनी आणखी बावन्न घरांवर अन्याय केला.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक खेळ. लंडनमध्येच पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली तो प्रसिद्ध केला. मी तो गेल्या वर्षी नववीच्या वर्गात घेतला. फळ्यावर लिहिले: २, ४, ६. सांगितले, "हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमाप्रमाणे आहेत. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, ते नियमात बसतात की नाही हे मी सांगेन. खात्री झाली की नियम सांगा." एकाने सांगितले ८, १०, १२. मी म्हणालो, बसतात. दुसरा म्हणाला २०, २२, २४. तेही बसतात. लगेच साऱ्या वर्गाचा गलका, "सर, दोन-दोनने वाढणारे सम आकडे!" मी म्हणालो, चूक. कोणाला पटेना. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, १, २, ५० चालतील?" मी म्हणालो, चालतील. मग ती म्हणाली, "आणि ६, ४, २?" मी म्हणालो, नाही. आणि तिला नियम सापडला: आकडे चढते असले म्हणजे झाले.

बाकीच्यांनी काय केले? त्यांना जे वाटत होते, त्याला "हो" मिळेल असेच प्रश्न विचारले. त्या मुलीने आपले म्हणणे खोटे ठरू शकेल असा प्रश्न विचारला. वेसनच्या प्रयोगातही बहुतेक मोठी, शिकलेली माणसे पहिल्या उत्तरात अशीच चुकली होती. मी त्या गरीब मुलाला "तू एकटा का बसला होतास?" एवढे प्रेमाने विचारले असते, तर डब्याची गोष्ट कळली असती. मी विचारले नाही, कारण मला खात्री वाटत होती. खात्री वाटणे ही मनाची एक अवस्था आहे. खात्री करून घेणे हे काम आहे, आणि त्याला कष्ट पडतात.

तुम्ही म्हणाल, सर, संकटाच्या घडीला एवढा विचार कोणाला सुचतो? तर ज्याला सुचला अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यासाठी लंडन सोडून मॉस्कोजवळच्या एका लष्करी ठाण्यात चला. तारीख २६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्रीनंतरची वेळ. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यातील तणाव पराकोटीला गेला होता. त्याच महिन्याच्या १ तारखेला रशियाने वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि २६९ माणसे प्राणास मुकली होती. स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचे चव्वेचाळीस वर्षांचे अधिकारी त्या रात्री पहाऱ्यावर होते. उपग्रहाच्या यंत्राने एकदम इशारा दिला, की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडले आहे. मग दुसरे, तिसरे, असे करीत पाच क्षेपणास्त्रे दाखविली गेली. पेत्रोव्ह यांनी वर "हल्ला झाला" असे कळविले असते, तर पुढे काय घडले असते याची कल्पनाही करवत नाही.

त्यांनी त्या मुलीसारखाच प्रश्न विचारला. हे खरे असेल तर आणखी काय दिसले पाहिजे? खरोखर युद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? आणि जमिनीवरच्या रडारवर काही का दिसत नाही? त्यांनी वरिष्ठांना कळविले की इशारा खोटा आहे. तो खोटाच होता. उंचावरच्या ढगांवर पडलेल्या सूर्यप्रकाशाने यंत्र फसले होते. २०१७ साली पेत्रोव्ह वारले. त्यांच्या त्या रात्रीच्या काही मिनिटांच्या संयमाचे ऋण तुमच्या-माझ्यावरही आहे.

पालक बंधु-भगिनींनो, आपल्याला हे नवे नाही. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे, आणि त्याच सूरहमध्ये उगाच संशय घेण्यापासूनही रोखले आहे. आपली मुले ती लहानपणी पाठ करतात. पाठ केलेले वागण्यात आणणे एवढेच आपले काम उरते. ते कसे आणावे, याविषयी माझ्या अल्प अनुभवातून दोन-तीन गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, घरात मुलाला प्रश्न विचारू द्या. "मोठ्यांसमोर बोलू नकोस" असे म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो. पण त्याचा प्रश्न बंद होत नाही. तो प्रश्न घेऊन तो बाहेर जातो, आणि बाहेर कोणीतरी तयार उत्तर घेऊन बसलेला असतो. मुलगा एकाएकी जुने मित्र टाकू लागला, सगळ्या जगाविषयी एकाच वाक्यात बोलू लागला, हसणे-खेळणे त्याला पाप वाटू लागले, तर रागावू नका आणि लपवूही नका. त्याच्याजवळ बसा. त्याला कुठे अपमान सोसावा लागला आहे काय, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट, मुलाला घरात आणि शाळेत किंमत द्या. नापास झालेल्या मुलालाही द्या. त्यालाच आधी द्या. ज्याला मैदानात, प्रयोगशाळेत, वडिलांच्या दुकानात किंवा वाचनालयात आपण कोणीतरी आहोत असे वाटते, त्याला ते वाटण्यासाठी पिशवीत बाँब घ्यावा लागत नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिले की, भोवतीचे सारे लोक एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, तर डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही पुष्कळ माणसे त्यांच्या मागे जातात. पण त्यातला एकजण जरी खरे बोलला, तरी इतरांना धीर येतो आणि चुकणारे फार कमी होतात. तो एकजण व्हायला शिका. दोस्तांच्या कोंडाळ्यात कोणी "ते सगळे तसलेच" म्हणाला, तर "सगळे म्हणजे कोण?" एवढेच विचारा.

आणि शेवटची गोष्ट संस्थेसाठी. स्कोशिया रोडवरच्या त्या इमारतीसारखी एखादी इमारत उद्या कुठेही असेल, आणि कोणत्या तरी खोलीत बसलेली पाच-दहा माणसे ठरवीत असतील की दरवाजातून बाहेर पडलेला तो तरुण कोण आहे. त्या खोलीत आपल्या शाळांतून शिकलेली मुले-मुलीही बसलेली असली पाहिजेत. पोलीस अधिकारी, वकील, न्यायाधीश, पत्रकार म्हणून त्यांनी तेथे असावे. आपल्या माणसाची बाजू घेण्यासाठी नव्हे. "थांबा, आपण खात्री करून घेतली आहे काय?" असे विचारण्यासाठी. तो तरुण आपला असो की परका असो, हा प्रश्न त्याच्यासाठीही विचारला गेला पाहिजे. त्यासाठी मुलांना शिकवावे लागेल, दहावीनंतर थांबवून चालणार नाही, आणि मुलींनाही नाही. १, २, ५० विचारणारी ती मुलगी आज दहावीत आहे. तिचे लग्न लवकर उरकण्याचा विचार तिच्या घरी चालू आहे असे कानावर आहे. हे ऐकीव आहे, म्हणून उद्या मी स्वतः तिच्या वडिलांना भेटून खात्री करून घेणार आहे.